पती तुरुंगात, दुकान चालू : आयकराचे विवरणपत्र कोणी भरायचे?

घरातला कमावता माणूस अटकेत गेला की घरच्यांची सारी धावपळ वकील, जामीन आणि मुलाखत या तीन गोष्टींभोवती फिरू लागते. ते स्वाभाविकही आहे. परंतु आयकर आणि जीएसटी यांच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. वर्ष-दीड वर्षाने माणूस जामिनावर सुटून येतो, तेव्हा दुकानाचा जीएसटी क्रमांक रद्द झालेला असतो, आयकर खात्याच्या नोटिसांची मुदत टळून गेलेली असते आणि पत्नीच्या बचत खात्यात भरलेल्या रोख रकमेबद्दल तिलाही विचारणा आलेली असते. खटल्यातून निर्दोष सुटलेला माणूसही अशा वेळी धंद्यातून मात्र उठतो. हे टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी काय करावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

हा विषय थोड्या लोकांपुरता आहे असे समजू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही असे. चार बंद्यांमागे तीन जण या वर्गातले. यांतल्या अनेकांचे दुकान, भाड्याची खोली, टेम्पो किंवा बँकेतील ठेव बाहेर चालू असते. उत्पन्न चालू असेल तर कराचा हिशेबही चालू राहतो.

दोन माणसे, दोन खाती

पहिला प्रश्न बहुतेक घरांत असा विचारला जातो की, नवरा-बायकोचे विवरणपत्र एकत्र भरता येते काय? पती आत असेल तर पत्नीने दोघांचे मिळून भरावे काय?

आपल्या देशात अशी सोयच नाही. आयकर कायद्याच्या दृष्टीने पती हा एक करदाता आणि पत्नी ही दुसरी करदाती आहे. दोघांचे पॅन वेगळे, करमुक्त मर्यादा वेगळी, विवरणपत्र वेगळे. अमेरिकेत पती-पत्नींना संयुक्त विवरणपत्राची मुभा आहे. तेथे जोडीदार तुरुंगात असला तरी संयुक्त विवरणपत्र भरता येते, पण त्यावर दोघांच्या सह्या लागतात आणि कराची जबाबदारीही दोघांवर येते. ब्रिटनमध्ये पत्नीचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात धरण्याची जुनी रीत एप्रिल १९९० पासून बंद झाली. आपल्याकडे चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी दांपत्यांना ऐच्छिक संयुक्त विवरणपत्राची सवलत द्यावी असे सुचवले होते. त्या अर्थसंकल्पात ती आली नाही.

मुस्लिम वाचकांना ही व्यवस्था परकी वाटू नये. शरिअतमध्ये निकाहाने पती-पत्नीची मालमत्ता एक होत नाही. स्त्रीची कमाई, तिचा वारसाहक्क, तिचे मेहर हे तिचेच. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने वेगळा पॅन काढण्याची सवलत आपल्याला नाही, त्यामुळे कुटुंबाचे म्हणून आणखी एक खातेही निघत नाही. म्हणून हिशेब सरळ आहे. पतीचे ते पतीचे, पत्नीचे ते पत्नीचे.

याला एक अपवाद आपल्या शेजारीच आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे पती-पत्नीच्या मालमत्तेची सामाईकता मानली जाते आणि तो कायदा तेथील मुस्लिमांनाही लागू आहे. अशा दांपत्यांसाठी आयकर कायद्यात कलम ५अ आहे. पगार सोडून बाकीचे उत्पन्न, म्हणजे धंदा, घरभाडे, व्याज, भांडवली नफा, हे दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते. पती तुरुंगात असला तरी त्याच्या दुकानाच्या नफ्याचा अर्धा भाग पत्नीने स्वतःच्या विवरणपत्रात दाखवायचा असतो. गोव्यात ज्यांची सोयरीक आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. रायगड जिल्ह्यातील दांपत्यांना हा नियम लागू नाही.

ठाकुरवाडीच्या फाट्यावरचे एक दुकान

विषय समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याला ठाकर समाजाच्या अनेक वाड्या आहेत आणि ठाकुरवाडी हे नाव तिकडे एकाहून अधिक वस्त्यांना आहे. समजा, अशाच एका ठाकुरवाडीच्या फाट्यावर आपल्या एका व्यापारी बांधवाचे किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक वाडीतले आणि आसपासच्या गावांतले. बराच व्यवहार रोखीचा, काही उधारीचा. भात निघाले की उधारी फिटते. वर्षाची विक्री ५५ लाख रुपये. जीएसटीची नोंदणी कंपोझिशन योजनेत. सगळे त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. पत्नी घर सांभाळते, अधूनमधून गल्ल्यावर बसते, शिवणकामाचे थोडे पैसे मिळवते. एका गुन्ह्यात या दुकानदाराला अटक होते, जामीन नामंजूर होतो आणि न्यायालयीन कोठडीत त्याची रवानगी तळोजाच्या मध्यवर्ती कारागृहात किंवा अलिबागच्या जिल्हा कारागृहात होते. दुसऱ्या आठवड्यापासून पत्नी आणि मोठा मुलगा दुकान उघडू लागतात.

आता याचा कर पाहू. पुस्तके ठेवून लेखापरीक्षण करून घेण्याऐवजी लहान व्यापाऱ्याला कलम ४४अड प्रमाणे रोख विक्रीच्या ८ टक्के उत्पन्न अनुमानाने दाखवता येते. (बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के.) सगळी विक्री रोख धरली तर ५५ लाखांवर ४ लाख ४० हजार रुपये उत्पन्न झाले. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या कररचनेत पहिले ४ लाख करमुक्त आहेत. उरलेल्या ४० हजारांवर ५ टक्क्यांनी २ हजार रुपये कर येतो आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या सवलतीमुळे तोही शून्य होतो. म्हणजे भरायचा कर काहीच नाही.

येथेच घोटाळा होतो. "कर नाही, मग विवरणपत्र कशाला?" असे म्हणून घरचे गप्प बसतात. परंतु उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे ४ लाखांच्या वर गेले की सवलतीमुळे कर शून्य झाला तरी विवरणपत्र भरणे सक्तीचे आहे. उशीर झाल्यास या दुकानदाराला १ हजार रुपये विलंब शुल्क पडेल. उत्पन्न ५ लाखांच्या वर असते तर ५ हजार पडले असते. शिवाय ज्या वर्षी धंद्यात खरोखर तोटा झाला, त्या वर्षीचे विवरणपत्र मुदतीत गेले नाही तर तो तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्क जातो. दुकान दोन-तीन महिने बंद पडून माल खराब झालेल्या कुटुंबाला हा हक्क मोलाचा असतो.

वाडीतल्या एखाद्या ठाकर बांधवाचे स्वतःचे दुकान किंवा वाहन असेल तर त्यालाही हेच नियम आहेत. आदिवासींना आयकर माफ असतो असा समज आढळतो. कलम १०(२६) ची ती माफी ईशान्येकडील ठरावीक प्रदेश आणि लडाख येथील अनुसूचित जमातींसाठी आहे, रायगडसाठी नाही. भातशेतीचे उत्पन्न मात्र सर्वांनाच करमुक्त आहे.

सही कोणाची?

विवरणपत्र पतीचे आहे, म्हणून त्यावर सही पतीचीच हवी. कलम १४० मध्ये याला तीन वाटा ठेवल्या आहेत. करदाता परदेशी असेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती सही करू शकते. तो मानसिकदृष्ट्या असमर्थ असेल तर त्याचा पालक सही करतो. आणि "इतर कोणत्याही कारणाने" त्याला सही करणे शक्य नसेल तर त्याने रीतसर अधिकार दिलेली व्यक्ती सही करते. तुरुंगात असलेला माणूस या तिसऱ्या वाटेने जातो. मात्र त्यासाठी त्याने दिलेले वैध मुखत्यारपत्र लागते आणि ते विवरणपत्राबरोबर सादर करावे लागते.

पत्नी आहे म्हणून पत्नीला सहीचा अधिकार आपोआप मिळत नाही, हे नीट लक्षात घ्यावे. मोठ्या मुलालाही मिळत नाही, भावालाही मिळत नाही. निकाहनामा दाखवून हे काम होत नाही. आणि पतीची सही घरीच गिरवून देणे हा तर सरळ बनावट दस्तऐवजाचा गुन्हा आहे. एक खटला अंगावर असताना दुसरा ओढवून घेण्याचे हे काम आहे. एखादा दलाल "काही होत नाही" म्हणून सांगेल, तरी ऐकू नये.

मुखत्यारपत्र तुरुंगातून मिळवण्याची रीत अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे. वकील ज्याप्रमाणे वकालतनाम्यावर कारागृह अधिकाऱ्यांमार्फत सही घेतात, त्याच मार्गाने कारागृह अधीक्षकांकडे अर्ज करून कागद आत पाठवता येतो आणि बंद्याची सही किंवा अंगठा कारागृह अधिकाऱ्याकडून साक्षांकित होऊन येतो. मुखत्यारपत्रासाठी नोटरी आत न्यायचा असेल किंवा अधीक्षकांनी न्यायालयाचा आदेश मागितला, तर ज्या न्यायालयात खटला चालू आहे तेथे वकिलाने साधा अर्ज करावा. नोटरी किंवा न्यायाधीशांसमोर झालेल्या मुखत्यारपत्राला कायद्यात अधिक वजन आहे, म्हणून शक्य असेल तर तीच वाट धरावी. कागद योग्य मुद्रांकावर असावा.

मजकुरात काय असावे? बँका आणि खाती "असा अधिकार लिहिलेला नाही" म्हणून कागद परत करतात, तेव्हा पुढील गोष्टी स्पष्ट लिहाव्यात :

१. आयकर विवरणपत्रावर सही करणे, ते पडताळणे व दाखल करणे.
२. आयकर खात्याच्या नोटिसांना उत्तर देणे, सल्लागार नेमणे, अपील करणे.
३. जीएसटीची विवरणपत्रे भरणे व नोंदणीसंबंधी अर्ज करणे.
४. दुकानाच्या नावे असलेले बँक खाते चालवणे, उधारी वसूल करणे, व्यापाऱ्यांची देणी चुकती करणे.
५. मुखत्यारपत्र कोणत्या तारखेपर्यंत चालेल, आणि जागा-जमीन विकण्याचा अधिकार आहे की नाही.

शेवटच्या मुद्द्याबाबत आमचा आग्रह असा की विक्रीचा अधिकार देऊ नये. कराच्या कामासाठी त्याची गरज नसते आणि अडचणीतल्या घरात असा कागद चुकीच्या हाती पडण्याची भीती असते.

ओटीपी पोलीस ठाण्यात

आजची खरी अडचण वेगळीच आहे. विवरणपत्र संगणकावर भरले जाते आणि त्याची पडताळणी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होते. तो मोबाइल मात्र अटकेच्या वेळी जप्त होऊन मुद्देमालात गेलेला असतो. आधारचा मोबाइल क्रमांक बदलायचा तर पतीची स्वतःची ओळख पडताळावी लागते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, पत्नीने आयकराच्या संकेतस्थळावर स्वतःच्या पॅनने प्रवेश करून दुसऱ्या व्यक्तीच्या वतीने काम करण्यासाठी नोंदणी करावी आणि मुखत्यारपत्राची प्रत जोडावी. खात्याची मंजुरी आली की ती स्वतःच्या मोबाइलवरून पतीचे विवरणपत्र दाखल करू शकते. दुसरा उपाय जुना आहे. विवरणपत्र दाखल झाल्यावर निघणारा एक पानी पडताळणी नमुना छापून, त्यावर सही करून, तो बंगळूरच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे टपालाने पाठवता येतो. त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ऑगस्ट २०२२ पूर्वी ती १२० दिवसांची होती. ती जुनी मुदत धरून बसलेल्यांचे विवरणपत्र न भरल्यासारखे होते.

दुकानाची खातेवही, बिलबुके किंवा संगणक जप्त झाला असेल तर पंचनाम्याची प्रत घ्यावी आणि मुद्देमाल किंवा त्याच्या नकला मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा. वाडीतली उधारी ज्या वहीत आहे ती वही नसेल तर पैसे कोणाकडून आणि किती मागायचे, हेच कळत नाही.

जीएसटी अधिक कडक

आयकराचे विवरणपत्र वर्षातून एकदा. जीएसटीचे काम मात्र दर महिन्याला किंवा तिमाहीला येते. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या साध्या नोंदणीच्या व्यापाऱ्याने सलग सहा महिने ते भरले नाही तर त्याची नोंदणी रद्द होऊ शकते. उशिरासाठी दिवसाला ५० रुपये आणि विक्री शून्य असेल तर दिवसाला २० रुपये शुल्क चढत राहते. म्हणजे दुकान पूर्ण बंद असले तरी शून्याचे विवरणपत्र भरावेच लागते. आपल्या उदाहरणातला दुकानदार कंपोझिशन योजनेत आहे. त्याला दर तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत कर भरायचा असतो आणि वर्षाचे विवरणपत्र ३० जूनपर्यंत द्यायचे असते. वार्षिक विवरणपत्र मुदतीनंतर तीन महिने रखडले तर त्याचीही नोंदणी धोक्यात येते.

नोंदणी रद्द झाली तर आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत ती पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो आणि सबळ कारण दाखवल्यास ही मुदत आणखी १८० दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते. तुरुंगवास हे सांगण्यासारखे कारण आहे, पण ते वेळेवर सांगणारा कोणीतरी बाहेर असला पाहिजे. म्हणून मुखत्यारपत्र हाती येताच पत्नीचे किंवा मुलाचे नाव अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून नोंदवावे. जुना मोबाइल आणि ईमेल हाती नसेल तर आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे कागदपत्रांसह अर्ज करून ते बदलून घेता येतात.

दुकान पत्नी चालवते, मग उत्पन्न कोणाचे?

गल्ल्यावर पत्नी बसली म्हणून उत्पन्न तिचे होत नाही. नोंदणी, परवाना, माल आणि भांडवल पतीचे आहे, तोवर नफा पतीचाच आणि तो पतीच्याच विवरणपत्रात जायचा. "आता तोच नाही तर बायकोच्या पॅनवर दाखवू" हा सल्ला चुकीचा आहे.

त्याहून मोठी चूक म्हणजे दुकानाची रोख विक्री पत्नीच्या बचत खात्यात भरत राहणे. वर्षभरात बचत खात्यांत १० लाख रुपये किंवा अधिक रोख भरली गेली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. ५५ लाख विक्रीच्या दुकानात हा आकडा तीन महिन्यांत गाठला जातो. मग जिचे उत्पन्न शिवणकामाचे काही हजार, तिला लाखोंच्या रकमेचा खुलासा करावा लागतो. दुकानाचा पैसा दुकानाच्याच खात्यात गेला पाहिजे आणि त्यासाठीच मुखत्यारपत्रात बँकेचे कलम हवे.

पतीने धंदा पत्नीच्या नावे करून दिला तर? पतीने पत्नीला पुरेशा मोबदल्याशिवाय मालमत्ता दिली तर कलम ६४ प्रमाणे तिच्यापासूनचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात जोडले जाते. पतीने दिलेल्या ३ लाखांची पत्नीने ठेव ठेवली तर व्याज पतीचे धरले जाते. पत्नीने स्वतःचे दागिने विकून, माहेरच्या पैशातून किंवा बचत गटाच्या कर्जातून वेगळा धंदा सुरू केला, तर मात्र ते उत्पन्न पूर्णपणे तिचे. त्यासाठी दागिने विकल्याची पावती, कर्जाचा कागद जपून ठेवावा.

मेहराचा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. मेहर ही पतीने दिलेली भेट नसून त्याच्यावरचे कर्ज आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये कपूरचंद विरुद्ध कादर उन्निसा बेगम या खटल्यात मेहराला कर्जच मानले, परंतु इतर सावकारांच्या आधी ते फेडले जावे असा अग्रहक्क दिला नाही. सबब, थकलेले मेहर चुकते म्हणून पती काही रक्कम देत असेल तर ते फुकटचे देणे नव्हे, असे म्हणण्यास आधार आहे. पण निकाहनाम्यात मेहर ५ हजारांचे आणि "मेहरापोटी" दिलेले दुकान २० लाखांचे, असे झाले तर ते कोणी मान्य करणार नाही. मेहर दिले त्याच दिवशी, रकमेसह, लेखी नोंद करावी.

पतीच्या कराच्या थकबाकीबद्दल पत्नीच्या स्वतःच्या मालमत्तेला हात लागत नाही. मात्र पतीने विनामोबदला तिच्या नावे केलेली मालमत्ता वसुलीसाठी जप्त होऊ शकते. अटकेनंतर घाईघाईने केलेले बक्षीसपत्र म्हणूनच फारसे संरक्षण देत नाही.

मदतीचे पैसे

अशा वेळी नातेवाईक आणि जमात धावून येतात. येथेही कायद्याच्या रेषा आहेत. आई-वडील, भाऊ-बहीण, पतीचे भाऊ-बहीण, मामा, काका यांनी दिलेली रक्कम कितीही असली तरी तिच्यावर कर नाही. परंतु चुलतभाऊ, मावसभाऊ, मित्र, शेजारी हे कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक नाहीत. त्यांच्याकडून वर्षभरात मिळून ५० हजारांहून अधिक मदत आली तर सगळीच रक्कम उत्पन्न धरली जाते. आयकर खात्याकडे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत आलेल्या मदतीला ही अडचण नाही.

उसने घ्यायचे असेल तर २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेऊ नये, चेकने किंवा बँकेतून घ्यावी. देण्याघेण्याची लेखी नोंद ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. येथे शरिअत आणि देशाचा कायदा एकच गोष्ट सांगतात.

नोकरदार आणि आखातातले

आत गेलेली व्यक्ती पत्नीही असू शकते. ती शिक्षिका किंवा सरकारी नोकर असेल तर ४८ तासांहून अधिक कोठडी झाल्यावर निलंबित मानली जाते आणि तिला निर्वाह भत्ता मिळतो. हा भत्ता पगाराप्रमाणेच करपात्र आहे. तिच्या विवरणपत्रासाठी पतीला तिचे मुखत्यारपत्र लागेल. नियम दोघांना सारखाच.

कोकणातील अनेक कुटुंबांचा कमावता माणूस आखातात असतो आणि तेथेच अडकतो. तो अनिवासी असेल तर तिकडच्या पगारावर येथे कर नाही, पण येथील घरभाडे आणि बँकेचे व्याज यांवर आहे. त्याचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीमार्फत साक्षांकित करून घ्यावे आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे.

मुदत टळून गेली असेल तर

उशीर झाला म्हणून हात टेकू नयेत. चुकलेले विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येते. त्यानंतरही परतावा मिळायचा असेल किंवा तोटा पुढे न्यायचा असेल तर कलम ११९(२)(ब) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे असा अर्ज करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत केला पाहिजे. अपिलाला झालेला उशीरही सबळ कारण दाखवल्यास माफ होऊ शकतो. या सर्व ठिकाणी एक कागद उपयोगी पडतो. माणूस कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंदिस्त होता, याचा कारागृह अधीक्षकांचा दाखला. तो सुटतानाच मागून घ्यावा.

आणखी एक सूचना. १ एप्रिल २०२६ ही नव्या, २०२५ च्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख आहे. वर दिलेले कलमांचे आकडे १९६१ च्या कायद्याचे आहेत आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला तोच कायदा लागतो. पुढील वर्षांसाठी कलमांचे आकडे बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षीची कलमे आणि विवरणपत्राची तारीख सल्लागाराकडून पक्की करून घ्यावी.

शेवटी आमचे सांगणे एवढेच. प्रत्येक व्यापारी बांधवाने आजच, काही घडण्याची वाट न पाहता, पत्नीचा पॅन काढावा, दुकानाच्या बँक खात्यावर दुसऱ्या विश्वासू माणसाला सहीचा अधिकार द्यावा, जीएसटी नोंदणीत दुसरा स्वाक्षरीकर्ता नोंदवावा आणि कोणते कागद कुठे आहेत हे घरच्यांना दाखवून ठेवावे. अपघात, आजारपण, परदेशगमन, या साऱ्या प्रसंगी हीच तयारी उपयोगी पडते. आणि अटकेचा प्रसंग आलाच, तर वकालतनाम्याबरोबरच मुखत्यारपत्राचा कागदही पहिल्याच आठवड्यात आत पाठवावा. खटला किती वर्षे चालेल हे घरच्यांच्या हाती नसते. दुकानाची नोंदणी जिवंत ठेवणे त्यांच्या हाती असते.